बाईचं झाड

बालवाडीच्या बाईने आठवणी लिहायच्या म्हटलं की वाचणारा आधीच हसरा चेहरा करून बसतो. आता बोबडे बोल येणार, शेंबडी नाकं येणार, एखादं पोर चटईवरच झोपी जाणार. तसं सगळं माझ्याकडे भरपूर आहे, पण ते मी लिहिणार नाही. सोळा वर्षं मी भंडारा जिल्ह्यातल्या एका गावात मॉन्टेसरी पद्धतीची बालवाडी चालवली. तेवढ्या काळात माझ्या हातून पुष्कळ मुलं शिकली आणि एक तलाव मेला. मुलांबद्दल माझे सत्कार झाले. तलावाबद्दल मला कुणी एका शब्दाने विचारलं नाही, म्हणून मीच सांगते आहे.

गावाचं नाव लिहीत नाही. सानगडीला एस.टी.तून उतरून धानाच्या बांध्यांमधून, म्हणजे भातखाचरांमधून, तासभर चाललं की लागतं, एवढं पुरे, कारण त्या बाजूच्या कितीतरी गावांची आज हीच कथा आहे. माझे यजमान तिथल्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. मी लग्नाआधी नागपूरला मॉन्टेसरीचा वर्ग केला होता. घरात बसवेना, म्हणून गावातल्या चार लोकांच्या मागे लागून संस्था काढायला लावली. जागा मिळाली ती जुन्या कोंडवाड्याची. मोकाट जनावरं कोंडायची बंद झाली आणि तिथे पोरं बसायला लागली. चावडीवर बसणारे म्हणायचे, "कोंडवाडा होता, कोंडवाडाच राह्यला." मला राग यायचा आणि हसूही यायचं.

हे काम नेमकं काय असतं ते आधी सांगायला हवं. मॉन्टेसरीच्या वर्गात बाई शिकवत नाही. ऐकायला विचित्र वाटेल, पण तसंच आहे. मुलांच्या उंचीच्या फळ्या असतात, त्यांवर साधनं मांडलेली असतात. मूल आपल्या मनाने एक साधन उचलतं, चटईवर नेतं, हवा तेवढा वेळ त्यात रमतं, काम पुरं झालं की ते साधन जिथून घेतलं तिथे नेऊन ठेवतं. लहान-मोठ्या ठोकळ्यांचा आमचा गुलाबी मनोरा आणि दट्ट्यांच्या पेट्या गावच्याच सुताराने सागवानात करून दिल्या होत्या. दट्ट्यांच्या पेटीत वेगवेगळ्या मापांची दहा भोकं आणि त्यांत बसणारे दहा लाकडी दट्टे. एखादा चुकीच्या भोकात गेला की शेवटी एक दट्टा उरतो आणि तो कुठेच बसत नाही. 'चुकलं' असं बाईने म्हणायचं नसतं, साधनच मुलाला चूक दाखवतं. नागपूरच्या वर्गात दोन गोष्टी आमच्याकडून घोटून घेतल्या होत्या. मुलाला जमेल असंच काम द्यायचं, आणि मुलासमोर 'नाही' म्हणायचं नाही. या दोन्ही मी नोकरीभर पाळल्या. पुढचं सगळं त्यातूनच झालं.

माझ्या मदतीला यमुनाबाई होती. ती ढिवरांच्या घरची. तिचा नवरा गावच्या तलावात जाळं टाकायचा. पाऊस ओसरला की ती देवधान झोडायची. तलावात आपोआप उगवणारं हे भात उपासाला चालतं, त्यामुळे त्याला गिऱ्हाईक असायचं. हिवाळ्यात शिंगाडे उकडून सानगडीच्या बाजारात न्यायची आणि उरलेल्या वेळात आमची शाळा सांभाळायची. तलावाच्या मातीच्या बांधाला तिकडे पाळ म्हणतात. त्या पाळीला लागूनच तिचं घर होतं. तिला अक्षर येत नव्हतं आणि मला तलावातलं काही कळत नव्हतं. तरी आमच्या दोघींत शिकलेली कोण याबद्दल गावाला शंका नव्हती, आणि मलाही नव्हती. तिची अडीच वर्षांची मुलगी रेखा तिच्याबरोबर शाळेत यायची, ती आमच्या पहिल्या मुलांपैकी.

पहिली दोन वर्षं भांडणातच गेली. मुलांना आम्ही झाडायला, भांडी विसळायला, सांडलेलं पुसायला लावायचो. गावात तुळशीरामजींचं किराणा दुकान होतं. त्यांचा धाकटा घरी जाऊन म्हणाला, आज मी झाडू मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी तुळशीरामजी शाळेच्या दारात.

"बाई, पोराले मी कायले पाठवतो तुमच्याकडं?"

"शिकायला."

"झाडू माराले शिकून राह्यला तो. झाडू माराले आमच्या घरी नौकर आहे."

मी त्यांना तासभर समजावलं. हाताला वळण लागतं, कामाला सुरुवात असते तसा शेवट असतो हे कळतं, वगैरे. ते मुकाट्याने ऐकून गेले आणि आठवड्याने परत आले. पोराने भल्या सकाळी दुकान झाडून काढलं होतं, आणि झाडताना सापडलेले तांदूळ वेगळे, तुरीची डाळ वेगळी, असे वेचून ठेवले होते. "अर्धी पायली माल निंगाला, बाई," तुळशीरामजी गंभीरपणे म्हणाले. त्यानंतर ते आमच्या संस्थेचे अध्यक्षच झाले.

पर्यावरण हा शब्द तेव्हा आमच्यापर्यंत पोचला नव्हता. आम्ही 'निसर्ग परिचय' म्हणायचो. त्याची सुरुवात पाण्यापासून असायची. एका तबकात दोन छोटे लोटे, एक भरलेला आणि एक रिकामा. न सांडता यातलं त्यात ओतायचं. थेंब सांडला तर तबकात दिसतो, मग मूल आपणच तो फडक्याने टिपून घेतं. रेखा हे काम एका बसणीत वीस-वीस वेळा करायची. ओठ आवळून, श्वास धरून. एक दिवस रिकामा लोटा हातात धरून तिने मला विचारलं, "बाई, तलावातलं पानी कोन ओतते?"

मी सगळ्या मुलांना उठवलं आणि पाळीवर नेलं. जंगलाच्या उतारावरचं पाणी आधी वरच्या तलावात येतं, तो भरला की सांडव्यावरून आमच्या तलावात, आमच्यातून धानाच्या बांध्यांना, आणि उरलेलं खालच्या गावाच्या तलावात. आमच्या भागातल्या जुन्या लोकांनी तलाव असे एकाखाली एक बांधले आहेत. मी मुलांना म्हटलं, वरच्याने सांडायचं नाही, म्हणजे खालच्याला पुरतं. दुसऱ्या दिवशी मुलांनी कुणी न सांगता पाच लोटे पायऱ्यांवर ओळीने मांडले आणि वरून खाली पाणी ओतत बसली. अशी शाळा जगात दुसरीकडे नसेल असं मला त्या दिवशी वाटलं. तो माज होता हे आज कळतं, पण आनंद खरा होता.

तिसऱ्या पावसाळ्यात झाडं लावायचं ठरवलं. रोपवाटिकेतून कडुनिंब, जांभूळ, करंज आणले. प्रत्येक मुलाचं एक झाड. रॉकेलच्या डब्याचे पत्रे कापून मी पाट्या केल्या. मुलांना अक्षर येत नव्हतं, म्हणून प्रत्येकाची एक खूण रंगवली. कुणाचा कंदील, कुणाचा बैल, रेखाची मासोळी. एकेकाला जवळ घेऊन सांगितलं, "हे तुझं झाड. याला जपायचं. कुणालाही तोडू द्यायचं नाही."

दहा दिवसांत बकऱ्यांनी सगळं फस्त केलं. मुलं रडली. रेखा रडली नाही, ती तिच्या वीतभर खुंटाला महिनाभर पाणी घालत राहिली. रोज माझा हात धरून तिथे न्यायची आणि विचारायची, "आज आलं का?" मला 'नाही' म्हणता येत नव्हतं. मी म्हणायची, उद्या बघू. पुढच्या वर्षी पुन्हा लावली, भोवती काट्या रचल्या. काट्या लोकांनी जळणाला नेल्या आणि बकऱ्या आत आल्या. एखाद्या शेतकऱ्याला विचारलं असतं तर तो म्हणाला असता, लावत राहा, दहा मेली तर एक जगेल. पण मी मॉन्टेसरीवाली. मुलाला जमेल असंच काम द्यायचं. मला न मरणारं झाड हवं होतं.

ते मला लाखांदूरला भेटलं. एका लग्नाला गेले होते, परतीची एस.टी. चुकली आणि थांब्यावर दोन तास बसावं लागलं. समोरच्या परसाला माणसाच्या उंचीचं हिरवंगार कुंपण होतं, फिकट जांभळ्या फुलांनी भरलेलं. तेही ऐन मे महिन्यात. मी उठून त्या घरच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, "काडी खोसा, लागते. पानी नको, खत नको. जनावर तोंड लावत नाही त्याले." नाव विचारलं तर म्हणाला, "बेसरम." मी ओल्या फडक्यात गुंडाळून काड्यांची मोळी आणली. कंडक्टरने सामानाचं तिकीट मागितलं तर त्याच्याशी भांडले आणि मोळी मांडीवर घेऊन बसले. आमच्या गावात तोवर हे झाड नव्हतं. ते मी आणलं, मांडीवर बसवून आणलं.

मुलांसमोर असलं नाव घ्यायचं नाही म्हणून मी त्याचं 'घंटाफूल' केलं. शाळेच्या कुंपणाला प्रत्येकाने आपली काडी खोसली, शेजारी आपली पाटी. एकही काडी मेली नाही. आठव्या-दहाव्या दिवशी रेखा धावत आली, माझा पदर ओढला आणि म्हणाली, "बाई, आलं." दोन वर्षं त्या मुलीला मी 'उद्या बघू' म्हणत होते. तिचा तो चेहरा पाहण्यासाठी मी काहीही केलं असतं, आणि केलंच.

पुढच्याच पावसाळ्यात, पहिलीत गेली तरी आईमुळे आमच्याकडेच असणाऱ्या रेखाने विचारलं, "बाई, आमच्या पाळीले कुंपन काहून नाही?" पाळीची माती लाटांनी आणि गुरांच्या खुरांनी खचत होती हे खरंच होतं. मुलाच्या प्रश्नामागे जायचं, हेही आम्हाला शिकवलेलं. तुळशीरामजींना कल्पना फार आवडली, कारण जिल्ह्याहून कुणी पाहुणे येणार होते. मुलांनी आपापल्या झाडाची एकेक काडी तोडली आणि आम्ही ओळीने पाळीवर गेलो. रेखाने आपली पत्र्याची पाटीही उपटून बरोबर घेतली. पाळीची वरची माती टणक होती, मुलांच्या हातून काडी आत जाईना. पाण्याच्या अगदी काठाला मऊ चिखल होता, तिथे सहज जायची. मी म्हटलं, तिथे लावा.

यमुनाबाई पाण्याची कळशी घेऊन मागून येत होती. तिने कळशी खाली ठेवली.

"बाई, पान्याच्या काठाले नका लावू."

"का?"

"शाळेच्या मागं फेकलेल्या काड्या पाह्यल्या का तुमी? उकिरड्यावर बी फुटल्या, नालीत बी फुटल्या. मरनच नाही त्याले. मले भेव वाटते."

"अहो, मरत नाही म्हणून तर लावतो आहोत."

"गाय खात नाही, बकरी खात नाही. मंग त्याले थांबवनार कोन?"

मुलं ऐकत होती. रेखा हातात काडी उंच धरून एकदा आईकडे आणि एकदा माझ्याकडे पाहत होती. मी यमुनाबाईला बाजूला घेतलं. आवाज चढवला नाही, आम्ही आवाज चढवत नसतो. त्याच गोड आवाजात मी तिला म्हटलं, "यमुनाबाई, मुलांसमोर 'नाही' म्हणायचं नसतं. त्यांचा हात आखडतो."

"बरं, बाई," ती म्हणाली. मग तिने कळशी उचलली आणि काड्यांना घालायला मुलांचे लोटे भरून देऊ लागली.

तीन-चार वर्षं माझी चांगली गेली. पाळीला जांभळी किनार आली. पाहुणे यायचे, फोटो निघायचे, तुळशीरामजी हार घालून घ्यायचे. आसपासच्या गावांतले गुरुजी काड्या मागायला येत, मी मुलांच्या हातून जुड्या बांधून देई. अड्याळच्या बाजूपर्यंत माझ्या काड्या गेल्या. लोक 'घंटाफूल' म्हणत नसत आणि माझ्यासमोर 'बेसरम'ही म्हणत नसत. ते म्हणायचे 'बाईचं झाड'. मला ते आवडायचं, खोटं कशाला लिहू.

मग किनार आत सरकायला लागली. या झाडाची फांदी लवून पाण्याला टेकली की तिथे मुळं धरते, आणि तिथून पुढे लवते. मुळांत गाळ अडकतो, गाळावर आणखी झाड येतं. पुरात काड्या तुटून सांडव्यावरून खालच्या गावाच्या तलावात गेल्या आणि तिथेही लागल्या. वरच्याने सांडायचं नाही, असं मुलांना शिकवणारी मीच होते. पाच-सात वर्षांत तलावाचा अर्धा भाग झुडपाने धरला. देवधान यायचं थांबलं. शिंगाडा लावायला मोकळं पाणी उरलं नाही. मरळ, झिंगे आणि बारीक मासळी आत होती म्हणत, पण खोडांच्या जाळीत मासोळीचं जाळं टाकता येईना. यमुनाबाईच्या नवऱ्याची दोन जाळी फाटली. तिसरं त्याने विणलंच नाही. जुनं आढ्याला टांगून ठेवलं आणि तो कामठीकडे वीटभट्टीवर निघून गेला.

यमुनाबाई शाळेत येत राहिली. ती मला एका शब्दाने बोलली नाही. तिने बोलावं अशी मी वाट पाहत होते, म्हणजे मला तिला समजावता आलं असतं की त्या वेळी हे कुणालाच माहीत नव्हतं. पण ते खरं नव्हतं. तिला माहीत होतं.

मी काहीच केलं नाही असं नाही. जे केलं त्याने आणखी वाटोळं झालं. एका उन्हाळ्यात नव्या मुलांना घेऊन मी काठावरचं झाड काढायला गेले. हा उपटण्याचा पाठ, म्हटलं. लहान हातांना मुळं उपटेनात, म्हणून आम्ही काड्या तोडल्या. जमेल असं काम. चाळीस मुलांनी तोडलेल्या काड्या आम्ही पाळीवर नीट रचून ठेवल्या, जाडीप्रमाणे, लहान-मोठ्या क्रमाने, मनोऱ्यासारख्या. मुलांनी फार सुंदर काम केलं. पहिल्या पावसात त्या सगळ्या ढिगाला पालवी फुटली, दुसऱ्या पावसात तो ढीग वाहून तलावात गेला. साधन चूक दाखवतं म्हणतात. या साधनाने मला ती दहा वर्षं दाखवली आणि तरी मी दट्टा त्याच भोकात बसवत होते.

एव्हाना गावात कॉन्व्हेंटचं वारं आलं होतं. तुळशीरामजी एक दिवस म्हणाले, "बाई, आता लोकायले एबीसीडी पायजे. लोटे भरून कोनाचं पोट भरते?" टाय बांधलेली पोरं बाकांवर बसली. दट्ट्यांच्या पेट्या माळ्यावर गेल्या. गुलाबी मनोऱ्याचा सर्वांत मोठा ठोकळा तुळशीरामजींच्या दुकानात तराजूखाली ठेवायला गेला, अजून तिथे आहे. मला निरोपाला शाल आणि नारळ मिळाला. भाषणात ते म्हणाले, "बाईनं आपलं गाव हिरवं करून टाकलं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मागे यमुनाबाई चहाचे कप मांडत होती. मी तिच्याकडे पाहायचं टाळलं.

आता शेवटचं सांगते. ते गेल्या उन्हाळ्यातलं आहे.

तलाव पार आटला होता. रोजगार हमीवर तळातलं झुडूप काढायचं काम निघालं. मी पाहायला गेले, घरात बसवेना. पन्नासेक बाया आणि माणसं भेगाळलेल्या चिखलात उतरून कुऱ्हाडी-विळ्यांनी खोडं तोडत होती. पाळीवर सावलीत यमुनाबाई बसली होती, मांडीवर रेखाचं सहा महिन्यांचं बाळ. रेखाला अड्याळकडे दिली आहे, ती बाळंतपणाला आली होती आणि बाळ आजीजवळ ठेवून मजुरीला उतरली होती. चौथीनंतर ती शाळेत गेलीच नव्हती.

काठाजवळचा भाग साफ झालेला दिसत होता, फक्त त्याच्या मधोमध एक झुडूप उभं होतं. त्याच्यासमोर रेखा कुदळ आडवी धरून उभी होती. मुकादम कातावला होता. मला पाहून म्हणाला, "बाई, तुमीच सांगा. ही पोरगी तोडू देऊन नाही राह्यली."

"तुमी आल्या, बरं झालं," रेखा म्हणाली. तिने खोडांत हात घातला आणि चिखलाने माखलेला एक पत्रा ओढून काढला. पदराने पुसला. गंज चढला होता, तरी मासोळी दिसत होती. "हे माजं झाड आहे, बाई. तुमीच सांगतलं होतं, कोनाले तोडू द्याचं नाही. लोकायच्या बांध्यात रोवनी करतो ते लोकायचं. माजं म्हनून हे एकच जगलं."

मी पाळीकडे वळून यमुनाबाईला विचारलं, "तुम्ही हिला काही सांगितलं नाही?"

ती बाळाला थोपटत होती. मान वर न करता म्हणाली, "म्या काय सांगू? लेकराच्या समोर 'नाही' म्हनाचं नसते ना, बाई."

टोमणा असता तर मी सोसला असता. तो टोमणा नव्हता. मी सांगितलेली ती गोष्ट तिने इतकी वर्षं खरोखर पाळली होती. नवरा भट्टीवर गेला तेव्हा पाळली आणि घरातलं जाळं कुजलं तेव्हाही पाळली.

मी म्हटलं, "रेखा, हे ठेवायचं नाही."

"काहून?"

"एक ठेवलं तर सगळं परत येईल. ते लावलं तेव्हाच चुकलं होतं. तुझी आई सांगत होती, मी तिला बोलू दिलं नाही."

मुकादम, बाया, सगळे ऐकत होते. माझ्या शाळेतल्या मुलाला म्हटलेलं माझं हे पहिलं 'नाही', आणि ते ऐकायला मूल उरलं नव्हतं, लेकुरवाळी बाई होती. तिने माझ्याकडे पाहिलं. बकऱ्यांनी खाल्लेल्या खुंटाकडे ती पाहायची, तसंच पाहिलं. मग ती खाली बसली आणि खणायला लागली.

बाकीचे वरून खोडं छाटून पुढे जात होते. रेखा खणत गेली, गुडघाभर, मग मांडीभर. मुकादम ओरडला, मजुरी कापीन म्हणाला, तिने मान वळवली नाही. हाताने माती चाळून मुळांची सुतासारखी तुसंसुद्धा वेचून काढली आणि तापलेल्या दगडावर वाळायला पसरली. ओठ आवळलेले, श्वास धरलेला. संध्याकाळ होत आली तेव्हा तिने खड्डा बुजवला, वरची माती सारखी केली आणि पत्रा माझ्या हातात दिला. "हे तुमचं, बाई," एवढंच म्हणाली.

तलावाचं काम अर्ध्यावर बंद पडलं. छाटलेली खोडं तिथेच पडली होती, पाऊस येताच ती सगळी उभी राहिली. यंदा तर पूर्वीपेक्षा दाट आहे. दिवाळीच्या आधी मी पुन्हा पाळीवर जाऊन आले. लांबपर्यंत हिरवं आणि जांभळं, मध्ये कुठे पाणी आहे हे सांगावं लागतं. फक्त रेखाचं झाड परत आलेलं नाही. काम शेवटापर्यंत करायचं, एवढं माझ्याकडून तिने घेतलं होतं. तिथे खाटेएवढं पाणी मोकळं आहे.

त्या पाण्यात गळ टाकून यमुनाबाई बसली होती. मला पाहून थोडी सरकली. मी शेजारी बसले.

"लागते का काही?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली.